यंदा मंडईला येऊ नका

छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेनं बांधलं की हसणं किती महागात पडतं, हे मला नागपूरच्या दवाखान्यात आधी कुणी सांगितलं नाही. माझ्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं, पण हसण्याबद्दल अवाक्षर नाही. ऑपरेशननंतर मी खाटेवर उठून बसू लागले, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं तिच्या नवऱ्याला पपई नीट कापता येत नाही म्हणून असं काही झाडलं की मला खुदकन हसू आलं, आणि त्यासरशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. नर्स धावत आली. तिनं एक लहानशी, गच्च भरलेली उशी माझ्या हातात दिली. खोकला, शिंक, हसू, काहीही आलं तरी ही छातीशी कवटाळायची, म्हणाली. घरी येताना ती उशी मी लेकरासारखी उराशी धरून आले.

आमचं गाव तिरोड्याजवळ. कोणत्याही बांधावर उभं राहिलं तरी वीज कारखान्याच्या चिमण्या दिसतात, आणि खाली पाहिलं तर धानच धान. लग्न होऊन आले त्या वर्षापासून या धानात मी आहे. बी कोणतं टाकायचं, पऱ्हे, म्हणजे रोपं, कधी टाकायचे, रोवणीला कोणत्या बायका सांगायच्या, कोणत्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी कधी काढायचं, हे नवरा मला विचारल्याशिवाय करत नसे. लोक त्याला बायकोचा बैल म्हणत. तो म्हणे, "बैल तं बैल. धान तं पिकते ना." मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि थोडा स्वतःचाही.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी त्याला ढीगभर सूचना दिल्या. भरलेली बादली उचलायची नाही, कुशीवर झोपायचं नाही, गोळी चुकवायची नाही. नवऱ्यानं त्यातली एकच पक्की धरली: हिच्या मनावर ताण येता कामा नये. घरी पोचल्याबरोबर त्यानं मुलाला आणि सुनेला ओसरीत उभं केलं. मी आतल्या खोलीत पडले होते, पण कान काही कापले नव्हते.

"टेन्सन द्याचं नाई तिले. चांगलं असन तेच सांगाचं. वाईट असन तं माह्याजवळ या."

पहिले काही दिवस मला हे फार आवडलं, खोटं कशाला बोलू. सून गरम पेज आणून द्यायची, मुलगा पाय चेपायचा, आणि विचारलं तर सगळं कसं छान चाललं होतं. धान कसा आहे? छान. म्हैस कशी आहे? छान. तुझं काम? छान. इतकं छान आमच्या घरात कधीच नव्हतं. मी मुळात संशयी बाई, मला ते पचेना.

आधी चहानं घात केला. आमच्या म्हशीच्या दुधाचा चहा मी इतकी वर्षं पीत आले. एक घोट घेतला आणि कळलं, हे पिशवीचं दूध. सुनेला विचारलं, म्हैस कुठं आहे?

"चराले गेली, आई."

दुपारी विचारलं, तरी चराले गेली. सांजेला विचारलं, तरी चराले गेली. एवढी चरली असती तर छत्तीसगडात पोचली असती. दोन दिवसांनी भिंत धरत धरत मी मागच्या दारापर्यंत गेले आणि गोठ्यात डोकावले. दावं खुंटीला टांगलेलं होतं, आणि जमीन कोरडी. मी नागपूरला असतानाच ती पोट फुगून मेली होती, हे पुढं कळलं. पण त्या दिवशी मी परत येऊन गुपचूप पडून राहिले. त्या म्हशीला मी पारडू असल्यापासून वाढवलं होतं; उशी तोंडावर घेऊन रडले. रडायला सुद्धा चोरी.

मग धान. दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, तेव्हा आमचा हलका, म्हणजे लवकर येणारा, धान कापून बांधीत पसरलेला होता, एवढं मला माहीत होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि नवरा म्हणत होता, "आपल्याकडे काई नाई झालं. पाऊस वरच्या वर गेला." पाऊस वरच्या वर कसा जातो, हे मी विचारलं नाही. चार दिवसांनी खिडकीतून पाहिलं, तर सून कोंबड्यांपुढे धान टाकत होती आणि एकेका दाण्याला पांढरा कोंब होता. कोंब फुटलेला धान ना विकायच्या कामाचा, ना खायच्या.

मुलाचं तर हसूच यायचं. तो तिरोड्यात एका कंत्राटदाराकडे वेल्डिंग करायचा. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, सांजेला परत यायचा. पण कामावरून येताना त्याच्या शर्टाला जळक्या लोखंडाचा वास असतो, तो यंदा नव्हता. एके दिवशी तो चिखलाचे पाय आणि पिशवीभर ताजी मासोळी घेऊन आला. "साहेबानं देल्ली," म्हणाला. वेल्डिंगच्या साहेबानं मासोळी! काम सुटलं होतं, आणि तो दिवसभर बोदलकशाच्या तलावावर मासे धरणाऱ्यांच्या सोबतीला बसून येत होता. तिथं फोनही लागत नाही. मासोळी मात्र फार गोड होती, मी दोनदा वाढून घेतली.

तिघांनाही मी काही बोलले नाही. आधी वाटलं, बघू किती दिवस टिकतं यांचं नाटक. पण पुढं गंमत ओसरली, ती नवऱ्यामुळे. माझ्या खोलीच्या दाराशी आला की तो थांबायचा. फटीतून मला दिसायचं. दोन्ही तळहात तोंडावरून फिरवायचा, घसा साफ करायचा, आणि मग हसरं तोंड घेऊन आत यायचा. बसायचा, "सगडं ठीक आहे" म्हणायचा, आणि उठून जायचा. आम्हा दोघांत बोलायला काही उरलंच नव्हतं, कारण जे बोलायचं ते सगळं वाईट होतं.

मला मरणाची भीती ऑपरेशनच्या आधी वाटली होती. आता भीती वेगळीच होती. वाटायचं, मी जगले खरी, पण या घरात पाहुणी म्हणून जगले. हे लोक मला असंच गादीवर बसवून ठेवतील, म्हातारी होईपर्यंत. बी कोणतं टाकायचं हे मला कुणी विचारणार नाही, आणि नवरा दारात थांबून तोंड पुसत राहील. मला माझी जागा परत पाहिजे होती. ती मागून मिळत नाही, आणि भांडावं तर छातीत तार.

अशात आमच्या गावची मंडई आली. दिवाळी झाली की आमच्याकडे एकेका गावाची मंडई भरते. दुकानं लागतात, दिवसा दंडारीचा नाच-तमाशा, आणि घराघरांत पाहुण्यांची दाटी. लेकी येतात, भाचे येतात, ओळख नसलेलेही जेवून जातात. त्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याची गावाला कीव येते. माझ्या नवऱ्यानं मात्र ठरवलं, गलका नको. देवरीकडे दिलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीला त्यानं फोन लावला आणि म्हणाला, "यंदा मंडईले येऊ नका." पुढं काऊन म्हणून तिनं विचारलं, तेव्हा त्याचा गळा दाटून आला, बोलता येईना, आणि त्यानं फोन ठेवून दिला. तिनं पुन्हा पुन्हा लावला, तो उचलेना. मुलाला लावला, तो तलावावर.

आता आमच्या मुलखात मंडईला येऊ नका असं कोण म्हणतं? भांडण असलं तरी कुणी म्हणत नाही. ज्या घरात माणूस गेलं, तेच घर असा निरोप धाडतं. त्यात नुकतंच छाती फाडून घेतलेली भावजय, आणि भावाचा भरलेला गळा. नणंदेनं जो अर्थ काढायचा तो काढला. माझा भाऊ तिकडेच शेजारच्या गावी राहतो, तिनं त्याला कळवलं.

मंडईच्या सकाळी मी हट्ट करून अंगणात खुर्चीत उन्हाला बसले होते, वालाच्या शेंगा सोलत. सून नको नको म्हणत होती. एवढ्यात गल्लीच्या वळणावरून बायकांचं रडणं ऐकू आलं. आमच्याकडे मयताला येणाऱ्या बायका वळणापासूनच सूर धरतात. कुणाचं काय झालं, आणि मला कुणी सांगितलं नाही! शेंगा टाकून मी उठले आणि फाटकाशी गेले.

समोरून नणंद येत होती, केस सुटलेले, पदर तोंडावर, दोन्ही बाजूंनी दोन बायांनी धरलेली. "माही वयनी वोऽऽ! कशी सोडून गेली वोऽऽ!" मागं माझा भाऊ, मान खाली, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मी पुढं होऊन नणंदेचा दंड धरला.

"अवं बाई, कोन गेलं वं?"

ती हुंदक्यात म्हणाली, "तू!" आणि मग तिनं पदर बाजूला करून मला पाहिलं.

ती किंचाळली ते तिरोड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. एक बाई मागं पळाली. माझा भाऊ कागदाची गुंडाळी छातीशी धरून पुतळ्यासारखा उभा, आणि कागद फाटून हिरवं लुगडं बाहेर लोंबत होतं. सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं लागतं. बिचारा माझ्यासाठी ते घेऊन आला होता, काठ चांगला रुंद, रंगही पक्का. मला हसू फुटलं. "उशी! उशी आन वं!" मी ओरडले. सून धावत उशी घेऊन आली, मी ती आवळून धरली आणि हसत सुटले. छातीत कळा येत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी थांबेना. नणंद हसत होती, रडत होती, मला चिमटे काढून पाहत होती.

तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून नवरा पळत आला. रडण्याचा आवाज त्यानं शेतात असताना ऐकला होता, आणि तो आवाज आपल्या घराकडून येतोय हे त्याला कळलं होतं. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. दारात गर्दी, रडून लाल झालेली बहीण आणि हातात लुगडं घेतलेला मेव्हणा पाहिला, आणि तो तिथंच रस्त्यावर मटकन खाली बसला. मी गर्दीतून वाट काढून त्याच्यापुढे गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचं खरं तोंड मला दिसलं. पुसलेलं नाही, हसरं केलेलं नाही. किती थकला होता माझा माणूस.

"अजी, मी आहो ना," मी म्हटलं. "म्हस मेली, मले ठाऊक आहे. धानाले कोंब फुटले, ठाऊक आहे. पोराचं काम गेलं, तेबी ठाऊक आहे. अजून काई राहिलं काय सांगाचं?"

तो भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखा रडला.

"नाई," म्हणाला. "सगडं गेलं. तूच तेवढी राहिली होती. तुले सांगतलं आन तूबी गेली असती तं?"

मी त्याच्या शेजारी धुळीत बसले. जमिनीवर बसायची डॉक्टरांची परवानगी नव्हती, पण डॉक्टर तिथं नव्हते. त्याचा हात धरला. मला तेव्हा जो आनंद झाला तो लपवून काय करू? म्हैस गेली होती, पीक गेलं होतं, पोरगा बसून होता, आणि मी सुखी होते.

रडायला आलेली माणसं जेवल्याशिवाय कशी जाणार? नणंदेनं पदर खोचून चूल ताब्यात घेतली. भाऊ लुगडं परत नेतो म्हणाला, म्हणे अपशकुन. मी म्हटलं, "माह्यासाठी आनलं ना? मंग आन इकडे." तेच हिरवंगार लुगडं नेसून मी दुपारी दंडार पाहायला गेले, खुर्चीत बसून. सगळ्या गावाला गोष्ट कळली होती. दंडारीतल्या विदूषकानं मला पाहून हात जोडले आणि विचारलं, "वरतं कसं काय आहे, बाई?" मी म्हटलं, "जागा नाई, वापस धाडलं." गाव हसलं. मी उशी आवळून हसले.

पाहुणे तिसऱ्या दिवशी गेले. घर शांत झालं आणि माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. गर्दीत माणूस रडतो, बोलतो. गर्दी गेली की पुन्हा आपल्या वळणावर जातो. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत गोळ्या घेत होते. नवऱ्याची पावलं वाजली. मी फटीकडे पाहिलं. तो थांबला नाही. चिखलाच्या पायांनी सरळ आत आला, तोंड पाडून माझ्यासमोर खाटेवर बसला.

"मोटार जळली वं विहिरीवरची," म्हणाला. "उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकाचे होते. आता काय कराचं, सांग."