रक्तातलं आणि ताटातलं

"तुमचा थायरॉईड नॉर्मल आहे," बारामतीचे डॉक्टर म्हणाले आणि मला वाईट वाटलं.

हे विचित्र वाटेल. पण ज्यांना लहानपणापासून 'ढोली', 'पिंप' अशी नावं पडली आहेत त्यांना कळेल. थायरॉईड म्हणजे गळ्यातली ग्रंथी. ती बिघडली की माणूस न खाताही फुगतं, असं मी ऐकलं होतं. रिपोर्ट खराब आला असता तर मी आजारी ठरले असते. आता मी नुसती खादाड ठरले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कळंबला अंगणवाडी चालवत होते. दर महिन्याला गावातली पोरं काट्याच्या झोळीत घालून त्यांची वजनं करायची, हे माझं काम. स्वतः मात्र काट्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. बाया म्हणायच्या, "बाई, पोरांची सुकडी तुमीच खाता का वो?" मी त्यांच्याबरोबर हसायचे आणि घरी जाऊन रडायचे.

पुढं गुडघे धरले, चार पावलांत धाप लागायला लागली, गळा भरल्यासारखा वाटायला लागला. माझे वडील, तात्या, मला बारामतीला घेऊन गेले. गळ्यात गाठबीठ असेल या धास्तीनं त्यांनी आधीच नरसिंहपूरच्या देवाला नवस बोलून टाकला होता. गाठ निघाली नाही तर लेकीची गुळानं तुला करीन!

डॉक्टरांनी कागदावर 'ओबेसिटी' लिहिलं. म्हणजे तब्येतीला बाधणारा लठ्ठपणा. रक्तातली साखरही वाढायला लागली होती.

"जेवण किती?" त्यांनी विचारलं.

"चिमणीवाणी खाती वो," तात्याच बोलले.

मी मान खाली घातली. चारचौघांत मी चिमणीसारखंच खायचे. सगळे उठले की स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून उरलंसुरलं संपवायचे. हे डॉक्टरांना सांगायला जीभ रेटेना.

"घरात अजून कोण जाड आहे?"

"समदीच. मी, माझी भन, ही, हिची पोरगी. पर तरणा असताना मी काटकीवाणी होतो. मेंढरामागं पार कोकणात उतरायचो."

"मग उत्तर तुम्हीच दिलंत," डॉक्टर म्हणाले. "जीन्स म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा. तुमच्या घरच्या वारशात चरबी साठवायचा गुण आहे. चालण्यात ती खर्च व्हायची. आता मेंढरं गेली, कालव्याचं पाणी आलं, दारात गाडी आली. शरीर तेच, राहणी बदलली. बाईंचा यात गुन्हा नाही. पण खाणं आणि चालणं आपल्या हातात आहे."

गुन्हा नाही! हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं, की शेजारच्याला अडचण नको म्हणून एरवी एस.टी.त उभी राहणारी मी चक्क खिडकीजवळ बसले.

ते हलकेपण नरसिंहपूरपर्यंतच टिकलं. गाठ नव्हती, म्हणजे नवस फेडणं आलं.

"तात्या, गूळ नुसता वाटू. पारड्यात कशाला बसायचं?"

"देवाला शबुद दिलाय. माघारी घ्येता येतो व्हय?"

तात्यांनी अंदाजानं ढेपा आणल्या होत्या. बापाच्या नजरेला लेक हलकीच दिसते. सगळ्या ढेपा चढल्या तरी माझं पारडं जमिनीवरून हलेना. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आजून आणा, बाईस्नी पुरंना!" हशा पिकला. तात्या पटका सावरत दुकानाकडं पळाले. तोवर मी मांडी घालून तशीच, पदर डोळ्यांवर ओढून. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

अखेर पारडं उचललं. प्रसादाचा गूळ वाटला. माझी लेक सुनंदा दिसेना. शोधत गेले तर ती घाटावरच्या ओवरीत, भिंतीकडं तोंड करून, गुळाचा खडा घाईघाईनं चघळत होती. चाहूल लागताच तिनं हात पाठीमागं नेला.

"मी न्हाय खाल्ला, आई."

प्रसाद होता तो. सगळे उघड्यावर खात होते.

तिची चण रक्तातून आली असेल. भिंतीकडं तोंड करायला रक्त शिकवत नाही. ते तिनं माझ्याकडं बघून उचललं होतं. पारड्यात बसून वाटली नव्हती एवढी लाज मला तिथं वाटली.

तात्यांबरोबर सुरू केलेलं कालव्याच्या कडेचं रोजचं चालणं मी आजही सोडलेलं नाही. गुडघे ऐकतात, साखर ताब्यात आहे. बारीक मात्र झाले नाही, कदाचित होणारही नाही. तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं असेल तर तपासण्या जरूर करा, डॉक्टरांना खरं सांगा. मी ते दुसऱ्या खेपेला सांगितलं. पण सुरुवात नरसिंहपूरहून परतल्या संध्याकाळीच झाली होती.

त्या संध्याकाळी मी सोप्यात, सगळ्यांच्या पंगतीत बसले आणि भूक होती तेवढी भाकरी मागून घेतली. सासूबाई बघत राहिल्या. सुनंदा आपलं ताट घेऊन आत निघाली होती. ती उंबऱ्यात थांबली, माझ्या ताटाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

मी जरा सरकून जागा केली. ती येऊन बसली.