टगच्या बोर्डावरचे वादळ

देवबाग गावात एका गृहस्थाने आपल्या न्याहारी-निवासाशेजारी वाळूत एक जुना वाफेचा टग आणून ठेवला आहे. टग म्हणजे बंदरात मोठ्या बार्जना, म्हणजे इंजिन नसलेल्या सपाट मालबोटींना, दोराने ओढून नेणारी ठेंगणी आगबोट. हा कित्येक वर्षे खाडीच्या चिखलात गंजत पडला होता. आता त्याला निळा रंग दिला आहे, धुराड्याला पिवळे पट्टे ओढले आहेत आणि बॉयलरच्या जागी सोलकढीचे काउंटर आहे. पर्यटक धुराड्याला टेकून फोटो काढतात आणि पाठीला पिवळा रंग घेऊन जातात.

माझे वडील या टगवर बावीस वर्षे आगवाले होते. बॉयलरमध्ये कोळसा घालणे आणि वाफ धरून ठेवणे हे त्यांचे काम. म्हणून इतिहासाचा बोर्ड लिहायची कामगिरी माझ्यावर आली.

"दादा, तुज्या बापाशीच्यो वह्यो आसत मा? धा-बारा ओळी लिवन दी. पण जरा चमचमीत लिव रे," मालक म्हणाला.

वह्या चार होत्या. वडिलांनी रोजचे काम त्यांत नोंदले होते: वाफ किती तास धरली, बार्ज किती तास ओढले, कोळसा किती टोपल्या, राख किती. मी तीन रविवार बसून बेरजा केल्या. टगने वाफ धरलेल्या दर शंभर तासांत ओढकाम भरले चौतीस तास. उरलेले सहासष्ट तास तो कोळसा खात, बार्ज भरण्याची वाट पाहत धक्क्याला उभा होता. मी स्वतः सरकारी कचेरीत पंचवीस वर्षे काढली असल्याने मला हे प्रमाण ओळखीचे वाटले.

मी अकरा ओळी लिहून दिल्या. मालकाने वाचल्या.

"ह्या काय रे? रेशनकार्ड आसा काय? आणि वादळ खंय?"

वादळ मी मुद्दामच गाळले होते. आमच्या घरात ते वादळ माझ्या लहानपणापासून आहे. भर दुपारी वादळ उठले, एक बार्ज माणसांसकट वाळूवर चढला आणि वडिलांनी वाफेचा काटा लाल रेषेपर्यंत नेऊन तो ओढून काढला, अशी ती हकिकत. मी शाळेत असताना एक बार्ज आणि सात माणसे होती. माझ्या लग्नात बार्ज दोन झाले. मुलीच्या बारशाला त्यांचे जहाज झाले आणि माणसे अठरावर गेली.

अडचण एकच होती. त्या आठवड्याच्या पानावर वडिलांच्याच अक्षरात लिहिले होते, 'बॉयलर उघडा. काम बंद.' थंड बॉयलरला वाफ धरायला सहा तास लागत. उघड्या बॉयलरचा तर हिशोबच नको. मी बोर्डावर वादळ लिहिले असते तर खोटे लिहिल्यासारखे झाले असते. न लिहावे, तर चौऱ्याऐंशीव्या वर्षी वडील अख्ख्या गावात खोटे ठरणार. मी भीत भीत ते पान त्यांच्यापुढे धरले.

"तां पान भिजला आसतला," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पान कोरडे ठणठणीत होते.

शेवटी मालकाने बोर्ड स्वतःच लिहिला. त्यात जहाजे दोन झाली, माणसे तीस, आणि कुणी विचारले नसतानाही ब्रिटिश आरमार आले.

उद्घाटनाला गाऱ्हाणे घालायचे ठरले. आमच्याकडे त्याशिवाय नवे काम सुरू होत नाही. गावचा मानकरी नारळ हातात धरून देवाला सगळे सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतात. मानकऱ्याने या वेळी मजकूर बोर्डावरून घेतला. बोर्ड छापील होता, म्हणजे खराच असणार.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान जो काय धंदो उबो केलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका बरा यश दी. ज्या टगान त्या मोठ्या वादळात दोन जहाजां ओडून काडली, तीस माणसां वाचवली..."

"व्हय म्हा..."

"नाय म्हाराजा," पहिल्या खुर्चीवरून वडील म्हणाले.

मानकऱ्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. गाऱ्हाण्यात नकार आला तर पुढे काय करायचे हे त्याला ठाऊक नव्हते. कुणालाच ठाऊक नव्हते.

"काकानूं, ह्या मागसून बोलूया काय? जेवण थंड होता," मालक कुजबुजला.

"देवासमोर खोटा नको," वडील काठी धरून उठले. "त्या दिसा टग धक्क्याक होतो. गोड्या पाण्याची गाडी इली नाय म्हणान मी बॉयलरात खाडयेचा पाणी भरलंय. नळयो मिठान भरल्यो. बॉयलर उगडून त्यो खरवडी होतंव, तेवा वादळ इला. बार्ज वाळयेर चडलो. माणसां काडली ती देवबागच्या दोन होडयांनी. होडयो घेवन सात जण गेलेले. मी धक्क्यार उबो रवान बघी होतंय."

ते खाली बसले. मी त्यांच्याकडे पाहायचे टाळले. मानकऱ्याने घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खारे पाणी, मिठाने भरलेल्या नळ्या, दोन होड्या, त्या नेणारी सात माणसे, सगळे त्याने देवाला सांगितले. देवबागच्या लोकांनी त्या दिवशीचा सर्वांत मोठा "व्हय म्हाराजा" होड्यांच्या वाक्याला दिला.

आठ दिवसांत बोर्ड बदलला. आता त्यावर होड्या आहेत आणि सातांपैकी एक मालकाचे आजोबा आहेत. हे आजोबा त्या साली मुंबईत गिरणीत होते, असे त्यांच्याच घरचे लोक परवापर्यंत सांगत. मग बाकीची घरे जागी झाली. माझ्या मोजणीप्रमाणे त्या सात माणसांचे आजवर एकोणीस आजोबा झाले आहेत.

वडील प्रत्येकाची परीक्षा घेतात. "तुजो आजो होडयेत खंय बसलेलो? फुडे नाळीर काय मागे?" त्यात चौघे उतरले; मालकाचे आजोबा नापास झाले, तरी बोर्डावर आहेत. उरलेल्या तिघांचे चेहरे वडिलांना दिसतात, पण नावे येत नाहीत. म्हणून दर रविवारी आम्ही आमच्या कट्टा गावाहून एसटीने देवबागला जातो आणि ते म्हाताऱ्या माणसांना गाठून विचारत फिरतात. बोर्डावर तीन ओळी रिकाम्या ठेवायला त्यांनी मालकाला बजावले आहे. मालकाने तिथे तूर्त बांगडा थाळीचे चित्र चिकटवले आहे. नावे मिळाली की काढीन, असे तो म्हणतो. पण हे त्याने देवासमोर नव्हे, काउंटरवर सांगितले.