टेलरबाईंनी साठवून ठेवलेलं वाक्य

टेलरबाईंनी तेहतीस वर्षं बायकांचे कोट बेतले. दुकान त्यांचं, कात्री त्यांची, आणि जीभही कात्रीइतकीच चालायची. मग एका सकाळी झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसती घरघर येऊ लागली. डोकं मात्र जिथल्या तिथे होतं. दुकानात हाताखाली काम करणाऱ्या धाकट्या भावाला हे ठाऊक होतं आणि नेमकं तेच त्याला नको होतं.

कारण झटक्याच्या आधल्या आठवड्यात हेडबाईंचा मखमली कोट बिघडला होता. हेडबाई म्हणजे जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्तीच्या समारंभासाठी त्यांनी हौसेने निळी मखमल आणून दिली होती. मखमलीला लव असते, सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायचे, नाहीतर रंग वेगळा दिसतो, हे शिलाईच्या वर्गातल्या पहिल्या महिन्याच्या पोरीलाही कळतं. धाकट्याने एक बाही उलटी कापली, आणि बहीण इस्पितळात असताना तशीच जोडून कोट देऊन टाकला. भर समारंभात हेडबाईंची एक बाही निळी आणि दुसरी काळपट! त्या तावातावाने दुकानात आल्या, तेव्हा याने गळा काढला, "काय सांगू बाई, ताईनेच कापलं हो. आजार आधीच हातात शिरला होता तिच्या."

घरी आल्यावर टेलरबाई दुकानाच्या पडद्यामागे खुर्चीत बसून हे रोज ऐकत होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो तेच सांगे, आणि प्रत्येक गिऱ्हाईक पडद्याकडे बघून च् च् करी. टेलरबाईंच्या अंगाचा तिळपापड होई. बरं व्हायचं नंतर बघू, आधी याला धडा शिकवायचा, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

अशात इस्पितळातून स्पीचवाल्या मॅडम आल्या. बोलता न येणाऱ्या माणसाला कोणतं साधन चालेल, हे ठरवणं त्यांचं काम. इस्पितळ एकच साधन देणार होतं, म्हणून तीन साधनं एकेक आठवडा वापरून बघायची होती.

पहिली बारा चित्रांची पाटी. चित्र दाबलं की आवाज येतो, आणि तो आवाज घरच्यांनी भरायचा. धाकट्याने उत्साहाने स्वतःचाच भरला. 'पाणी', 'बाथरूम', 'डोकं दुखतंय', आणि बाराव्या चौकोनात 'धाकटा माझी फार काळजी घेतो'! त्या चौकोनाला आठवडाभर बोट लागलं नाही.

दुसरा अक्षरांचा तक्ता. अक्षरावर बोट ठेवायचं आणि समोरच्याने जोडून वाचायचं. वाचायला धाकटाच बसायचा, त्यामुळे जे जुळायचं ते त्याच्या सोयीचंच जुळायचं.

तिसरा बोलका टॅब. डाव्या हाताने एकेक अक्षर टिपायचं आणि बटण दाबलं की तो वाचून दाखवतो. एका ओळीला अर्धा तास लागे, पण लिहिलेलं वाक्य साठवून ठेवता येई. टेलरबाईंनी तो आठवडा एकाच वाक्यावर घालवला.

"पाटीच बरी," धाकटा मॅडमना म्हणाला. "तिला लागतं काय? पाणी आणि बाथरूम. टॅब तिला झेपत नाही हो."

"शेवटची चाचणी घेऊन ठरवू," मॅडम म्हणाल्या. "ज्या माणसाशी बोलायचंय, त्याच्याचसमोर घेते मी ती. ताई, कोणाला बोलावू?"

आज तक्ता मॅडमच वाचत होत्या. टेलरबाईंनी डावं बोट टेकवलं. ह. ड. ब.

"हेडबाई?" मॅडमनी विचारलं. टेलरबाईंनी मान डोलावली. धाकट्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. "त्यांना कशाला त्रास?" एवढंच तो म्हणाला.

गुरुवारी हेडबाई आल्या, तोंड आंबट करूनच. दुकानात आणखी दोघी मापं द्यायला उभ्या होत्या. टेलरबाईंनी आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि बटण दाबलं.

"उलटी बाही धाकट्याने कापली. मखमल कापली त्या दुपारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते."

हेडबाईंच्या कपाळाला आठी पडली आणि मग सुटली. "अहो, खरंच की! त्या दुपारी मी अस्तर द्यायला आले होते. तुम्ही नव्हता. मखमल याच्याच समोर होती आणि कात्री याच्याच हातात!"

टेलरबाईंनी तेच वाक्य पुन्हा दाबलं. माप द्यायला आलेल्यांनी ऐकलं नसेल तर! मग आणखी एकदा, नुसतं बरं वाटलं म्हणून. मॅडमनी कागदावर 'टॅब' लिहिलं. धाकट्याने मान खाली घालून सही केली.

सगळे गेल्यावर तो पायाशी येऊन बसला. "ताई, चुकलो. एकदा माफ केलं म्हण."

टेलरबाईंनी टिपायला सुरुवात केली. "मा... माफ केलं ना?" तो घाईने म्हणाला. त्यांनी सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. त्याने पुन्हा मध्येच तोंड घातलं, त्यांनी पुन्हा पुसलं. असं पाच वेळा झालं. इतके दिवस आपल्या तोंडचा शब्द पळवणाऱ्याला आता एकेक अक्षर थांबायला लावताना त्यांना जे सुख झालं, ते कुठल्या औषधाने झालं नव्हतं. शेवटी तो ओठ मिटून, घामाघूम होऊन, पाऊण तास गप्प बसला.

टॅब बोलला, "माप मीच बघणार. कापायला बाई ठेवू. तू उद्यापासून काज-बटण कर."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली तेव्हा धाकटा कोपऱ्यातल्या स्टुलावर बटणं लावत होता.