लिथियमवरचा काळा डाग

संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखात जिथे काहीच दिसायला नको होतं, तिथे एक उंचवटा हळूहळू वर येत होता. दुपारचे तीन वाजले होते.

प्रयोगशाळेत आम्ही लिथियमच्या पातळ पत्र्यावर प्रोटॉन मारत होतो. प्रोटॉन आदळला की अणूच्या गाभ्यातून न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि त्याच्या वेगावरून गाभ्याची आतली मांडणी कळते. वर्षभर वाट पाहून प्रोटॉनना वेग देणारं यंत्र आम्हाला फक्त दोन दिवस मिळालं होतं. त्यातला एक अर्ध्याहून अधिक सरला होता.

पत्रा मीच बसवला होता. तेव्हा त्याच्या कडेला काळसर डाग दिसला होता. हवा लागली की लिथियम काळवंडतं, आणि त्या थरातले परके अणूही आलेखात आपला उंचवटा उमटवतात. एवढं चालेल, अशी मी मनाची समजूत घातली होती.

"पत्रा स्वच्छ होता ना गं?" माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं.

गाभ्याला बिचाऱ्याला काही लपवता येत नाही. धक्का बसला की आत असेल ते बाहेर येतं. माणसाला मात्र क्षणभर थांबून उत्तर निवडता येतं, आणि त्या क्षणाचीच मला फार भीती वाटली.

"नव्हता, मॅडम. डाग होता. मी बोलले नाही."

मॅडमनी वहीतल्या आजच्या नोंदींच्या पानावर आडवी रेघ मारून ते बाद केलं.

"दुसरा काढ. मला दाखवून बसव."

हवा लागू नये म्हणून तेलात ठेवलेला दुसरा पत्रा मी चिमट्याने उचलून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी त्याच्या कडा तपासल्या आणि पत्रा नीट बसेपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं.