डबा वाजला की

बनारसला निघायच्या दिवशी बाबा मला रत्नागिरी स्टेशनपर्यंत आले नाहीत. भुईमुगाच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि आमच्याकडे त्या दिवसांत शेत एकटं सोडत नाहीत. ते हायवेवरच्या बसथांब्यापर्यंतच आले, गळ्यात गलोल तशीच. माझी बॅग एसटीत चढवली आणि म्हणाले, "बाय, राखणदार जेवाया बसला की शेत उघडं. तकडं ध्यानात ठेव."

मुलीला एवढ्या लांब पाठवताना बाप काहीतरी वेगळं बोलेल असं मला वाटलं होतं. पण ते लहानपणापासून मला हेच सांगत आलेत, अगदी दहावीच्या परीक्षेलासुद्धा. माकडं झाडावर बसून माणसाकडे बघत असतात. माणसानं भाकरी सोडली की खाली उतरतात. म्हणून बाबा रोज वेगळ्या वेळी जेवायचे, बऱ्याचदा उभ्यानंच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बनारसला प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा आई रडली आणि चुलते, आमचे अण्णा, हसले. "माकडंच बघायची व्हती तर हितं काय कमी हायत?" ते अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं उशिरा सुचतात. आता मला आणखी लांब जायचं आहे, युगांडातल्या एका जंगलाच्या कडेला, चिंपांझींचं निरीक्षण करणाऱ्या गटाबरोबर वर्षभर. घरून अजून होकार आलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे, गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांसाठीही.

इथे मी दूधविनायकाच्या गल्लीत एका मराठी घरात वरची खोली घेऊन राहते. घरमालकीण काकूंच्या कित्येक पिढ्या काशीतच गेल्या, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी हिंदीच आहे. पहिल्याच आठवड्यात मी गच्चीवर कपडे वाळत घातले आणि कठड्यावर माकडं येऊन बसली. मी घरच्यासारखंच केलं. बिस्किटांचा रिकामा डबा घेतला, त्यावर चमचा बडवला आणि "हुर्र हाऽ" म्हणून ओरडले. आमच्याकडे एवढ्यानं टोळी ओढ्यापार होते. इथे शेजारच्या गच्च्यांवरचीही माकडं उड्या मारत आली आणि माझ्यासमोर ओळीनं बसली. मी डबा आणखी जोरात वाजवला. आणखी आली.

काकू जिना चढून आल्या आणि हसत हसत तिथेच बसल्या. "अगं, तूच बुलावा दिलास आणि आता तूच परेशान होतेस? मंगळवारी-शनिवारी मी थाली वाजवते, चणे घालते. बजरंगबलीची सेना ना ती. आता दे काहीतरी, नाहीतर तुझी ओढणी गेली समज."

ओढणी गेलीच. पण मला त्या दिवशी झोपेपर्यंत तेच आठवत राहिलं. आमच्याकडची माकडं आणि ही माकडं चुलत भावंडांसारखी. एकीकडे डबा म्हणजे पळ, दुसरीकडे डबा म्हणजे ये. हे त्यांना कुणी शिकवलं? आम्हीच. तिकडे बाबांनी आणि इथे काकूंनी.

चिंपांझींबद्दल वाचायला लागले तेव्हा मला ते परकं वाटलं नाही, ते यामुळेच. एका जंगलात ते दगडावर फळाची कठीण बी ठेवून दुसऱ्या दगडानं फोडतात. दुसऱ्या जंगलात तसंच फळ असतं, दगडही असतात, पण फोडायला कुणाला येत नाही. आई फोडते, पिल्लू वर्षानुवर्षं शेजारी बसून बघतं, चुकतं, मग त्याला जमतं. जंगल तुटलं, टोळी पांगली, जाणती माणसं गेली की ती रीतही जाते. मी "माणसं" लिहिलं आहे. खोडत नाही.

आणि नव्या रीती येतात. जंगलाच्या जागी मका आणि ऊस आला की ते मका आणि ऊस खायला शिकतात. काही ठिकाणी तर अंधारात येतात, जे ते एरवी सहसा करत नाहीत, कारण दिवसा राखणदार असतो. रस्ता ओलांडताना एखादा मोठा नर पुढे येऊन दोन्हीकडे बघतो, पिल्लं मध्ये, मागे पुन्हा कुणीतरी दणकट. तो व्हिडिओ वर्गात लावला तेव्हा मला आमचा हायवे आठवला. चौपदरी झाला, शाळा पलीकडे गेली, आणि आई आम्हा भावंडांना मध्ये घेऊन तश्शीच उभी राहायची. हायवेच्या कडेची झाडं गेली तेव्हाच माकडं आमच्या कौलांवर आली. त्याआधी ती एवढी खाली येत नसत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

लोक म्हणतात, हे चिंपांझी बिघडलेत. माझ्याबद्दलही गावात हेच म्हणतात हे मला आईकडून कळतं. मला हे मान्य नाही. ज्याच्या पायाखालची जमीन तुम्ही काढून घेतली, तो दुसरीकडे पाय रोवतो. त्याला बिघडणं म्हणू नका.

एकदा वर्गात मी उठून म्हणाले की चिंपांझीही शिकतील, आमच्या माकडांसारखे निभावून नेतील. सर शांतपणे म्हणाले, "बेटा, बंदरिया तो लगभग हर साल बच्चा दे देती है. चिंपांझी की माँ को पाँच-छह साल लग जाते हैं." मी खाली बसले. रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात चिंपांझीचा हात अडकतो आणि कायमचा जातो. आपल्याकडे फासकीत बिबट्या अडकतो, तसंच. आपला साधा खोकला त्यांच्यात पसरला तर टोळीतली कितीतरी मरतात. एक मेला तर त्याची जागा भरायला फार वेळ लागतो. नुसत्या हुशारीनं कुणी जगत नाही. समोरचा माणूस कसा वागतो यावरही ते असतं. म्हणून मला तिथे जायचं आहे. फासे शोधून काढायचे आणि मका राखणाऱ्यांशीही बोलायचं, हे तिथलं काम आहे.

बाबांना सांगितल्यापासून ते फोनवर येत नव्हते. आईच सांगायची, "म्हणतायत, आता पुरं. तालुक्याला शाळेत नोकरी बघ." गेल्या शनिवारी मी गच्चीवर बसून फोन लावला आणि आईला म्हटलं, त्यांनाच दे, ते राखणीवर असले तरी फोन तिथे नेऊन दे. काकूंचे चणे नुकतेच संपले होते, माकडं कठड्यावर होती.

"बाबा, मी जाणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय."

ते म्हणाले, "थांब जरा," आणि फोनमधून डबा बडवल्याचा आवाज आला. तेलाचा मोठा डबा, माझ्या ओळखीचा. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. कठड्यावरच्या माकडांनी माना वर केल्या आणि दोन-तीन माझ्याकडे सरकली. मला हसू आवरेना.

"काय झालं गो?"

"तुमच्या डब्यानं इथली माकडं जवळ आली."

तेही हसले. मग विचारलं, "आन तकडं, त्या आफ्रिकेत? डबा वाजला की काय करतात?"

"माहीत नाही. तेच बघायला जातेय."

"आन राखण कुनाची करनार? मक्याची का त्या जनावरांची?"

"दोघांची."

"मग जेवायची येळ बदलत जा," ते म्हणाले.

याला मी होकार म्हणत नाही. वाटही बघत नाही. पण अण्णा, तुमचं उत्तर आज देते. आपल्याकडे काहीच कमी नव्हतं. मी जे शोधायला निघाले ते आपल्याच शेताच्या बांधावर सुरू झालं, फक्त तिथे संपत नाही. घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी अजून तुमच्याच गावाचं नाव सांगते, मागोमाग या गच्चीचंही. तिसरं, युगांडातल्या त्या जागेचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. बॅगेत बिस्किटांचा डबा ठेवला आहे. तिथे पोचल्यावर तो वाजवणार नाही. आधी गप्प बसून बघेन.