गुंतवळाची पुडी

"दोन दिस द्या, सायब."

हे म्हणताना ती उजव्या हाताची दोन बोटं वर करायची आणि डाव्या हाताने कमरेला खोचलेली लाकडी फणी चाचपायची. फणी जागेवर आहे असं कळलं की मग डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायची. ते हो म्हणोत की नाही म्हणोत, तोवर ती खाटेकडे वळलेली असायची.

ती आमच्या दवाखान्यात आया होती आणि मी कंपाउंडर. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मुरूडच्या खालच्या अंगाला, खाडीजवळ तो सरकारी दवाखाना होता, कौलारू, सहा खाटांचा. दिघीकडची माणसं होडीने आगरदांड्याला उतरत आणि तिथून बैलगाडीत घालून रोगी आणत. तिचं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. सगळे आयाबाई म्हणत, मीही म्हणे. सरकारी दवाखान्यातली आया म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एखादी खेकसणारी बाई येईल. ही कधी खेकसली नाही. तेवढं त्राणच तिच्यात दिसत नसे. बसली की "आई गं" आणि उठली की "चला", एवढ्या दोन शब्दांत तिचा दिवस जायचा.

उन्हाळ्यात तर आम्ही सगळेच दमलेले असू. विहिरी तळाला जात, उरलेलं पाणी मचूळ होई आणि चैत्र सरता सरता मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, गावात शिरे. तीन-तीन आठवडे माणूस खाटेवर. अशा खाटेवर पडलेल्या बाईच्या केसांचं काय होतं, ते तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल तर त्याला वेगळं सांगायला नको. घाम, खारा वारा आणि उशीवर दिवसरात्र घासणारं डोकं. दाट, राठ केस निदान तग धरतात. बारीक, मऊ केसांची मात्र एकच गच्च गादी होते आणि घाईने फणी घातली की तुटून हातात येतात. डॉक्टरांकडे यावर एकच इलाज होता, न्हाव्याला बोलवा. डोकं थंड राहतं, उवा जातात, सगळ्यांचा वेळ वाचतो. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. माझंही तेच मत होतं.

फक्त तिचं नव्हतं. खाटेवरची कामं आटोपली की ती उशाशी बसायची. आधी फणी नाहीच, नुसती बोटं. गाठीच्या वर केसांची बट मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही, आणि टोकाकडून एकेक केस सोडवायचा. ओल्या केसांत फणी घालू द्यायची नाही. विहिरीच्या मचूळ पाण्याने डोकं धुऊ द्यायची नाही. "त्या पान्यानं केस कडक होतात, मग काडीवानी मोडतात." त्यासाठी अर्ध्या मैलावरच्या वाडीतून गोड्या पाण्याची एक कळशी आणायची. शिकेकाईही बारीक केसांना सोसत नाही म्हणून तांदळाचं धुवण नाहीतर जास्वंदीचा कुटलेला पाला. मग सैल वेणी आणि उशीवर तिच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. एका डोक्याला दोन दुपारी लागत.

या सगळ्यात माझा संबंध तेलापुरता.

"कंपौंडर, दोन बोटं तेल."

"आयाबाई, ते खरजेच्या मलमासाठी आलेलं खोबरेल आहे. सरकार मला विचारील."

"सरकारला सांगा, पोरीच्या डोक्याला लावलं. सरकारला पोरी न्हायत काय?"

मी कुरकुरत बाटलीचं बूच काढायचो. मुळात मी चिडका, त्यात उन्हाळा, त्यात ही बाई. एकदा डॉक्टरांनी सुया उकळण्याच्या पातेल्यात चिमटा घातला तर वर आली लाकडी फणी. त्यांनी ती तशीच चिमट्यात धरून मला हाक मारली. मी तिला हाक मारली. ती आली आणि शांतपणे म्हणाली, "एकीच्या डोक्यातलं दुसरीच्या डोक्यात जाऊ नये. तुमीच शिकवलंत न्हवं, सायब?" डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी प्रायमसला पंप मारायला लागलो. त्या दिवसापासून फणी रोज सुयांबरोबर उकळू लागली आणि पाण्याला खोबरेलाचा वास येऊ लागला.

तिची दुसरी मागणी मला जास्त विचित्र वाटायची. विंचरताना फणीत येतात ते केस, ते गुंतवळ, ती फेकू देत नसे. मुठीत घेऊन माझ्या टेबलाशी यायची.

"पुडी बांधा."

"मी औषधाच्या पुड्या बांधतो, आयाबाई."

"हे पन औशीदच. नाव लिवा वर."

मी कागद कापायचो, गुंतवळ आत ठेवून घड्या घालायचो आणि वर पोरीचं नाव लिहायचो. पोर घरी निघाली की आयाबाई ती पुडी तिच्या हातात द्यायची. पुढेमागे वेणीत घालायला गंगावन करता येईल, म्हणायची. मला ते सगळं थोतांड वाटे. असल्या चार केसांचं कसलं गंगावन होणार?

एका वैशाखात दिघीकडून एक मुलगी आली. बाप बोटीवर खलाशी, सोबत आई. मुलीचं वय सोळा-सतरा, निकाह पावसाळ्यानंतर ठरलेला. केस पिंगट, कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक, आणि दोन आठवड्यांच्या तापाने मानेमागे त्यांचा गोळा झालेला. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे न्हावी म्हटलं. आई ओढणी तोंडात धरून भिंतीला टेकली. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "भाई, सासरची बघायला येणार आहेत तिला. या डोक्यानं कशी बसवू तिला पुढ्यात?"

"दोन दिस द्या, सायब." मागून आवाज आलाच. "तिसऱ्या दिशी न्हाय सुटलं तर मीच बोलावीन न्हाव्याला."

दोनाचे चार दिवस झाले. चौथ्या दुपारी त्या मुलीच्या पाठीवर पेन्सिलीएवढी का होईना, सैल वेणी होती. आईने आयाबाईचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले आणि रडली. आयाबाई म्हणाली, "आई गं," आणि खाली बसली. तिची बोटं आखडली होती. मला त्या दिवशी तिचा राग आला नाही, आणि तेल न मागता मीच बाटली पुढे केली. तिने ते बोटांना चोळलं.

त्याच संध्याकाळी मागच्या पडवीत तिने मला तिची गोष्ट सांगितली. आपणहून नाही. मी विचारलं, "कशाला एवढा जीव काढता? केस काय, पुन्हा येतात."

तिने डोक्यावरचा पदर मागे केला. एवढ्या वर्षांत मी तिचे केस पाहिले नव्हते. बारीक, विरळ, पण कमरेपर्यंत लांब, नीट विंचरलेले.

"मी बारा वर्सांची व्हते, तवा मला ह्योच ताप. आमचं गाव तळा गावाच्या पल्याड, दवाखाना कुठला? शुद्ध न्हवती. घरच्यांनी भादरलं. उठले तर डोकं तुळतुळीत. इचारलं, माझं केस कुठं हायत? कुनी बोललंच न्हाय. चुलीकडं गेले, उकिरड्यावर गेले. आये मान फिरवून तांदूळ निवडत बसली. एकानं जरी सांगितलं असतं ना, जाळले, फेकले, काय ते. मंग आले ते हे असे. हात लावला तरी तुटतील अशे. जपले तसेच." पदर पुन्हा डोक्यावर घेऊन ती उठली. "चला."

तेव्हा कुठे मला त्या पुड्यांचा उलगडा झाला. त्यानंतर मी कुरकुर न करता पुड्या बांधू लागलो. नावंही जरा बऱ्या अक्षरात लिहू लागलो.

पुढे तीन-चार वर्षांनी एक उन्हाळा असा आला की सहा खाटांवर नऊ रोगी आणि पडवीत आणखी पाच. आमचे डॉक्टर रजेवर गेलेले, त्यांच्या जागी एक तरुण बदली डॉक्टर. चांगला होता, पण त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. त्याच धामधुमीत आयाबाई पडली. तोच ताप. पहिले पाच-सहा दिवस ती हाताने डोकं झाकून पडून राहिली, मग ते भानही राहिलं नाही. तिच्या जागेवर दुसरी आया आली नव्हती. सुया मी उकळत होतो, पाणी मी भरत होतो, रोग्यांच्या खाटेखाली भांडीही मीच ठेवत होतो. तिच्या उशीवर लुगड्याचा तुकडा घालायचं मला सुचलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पंधराव्या दिवशी डॉक्टर तिच्या खाटेशी थांबले. मी मागे ट्रे घेऊन उभा होतो.

"या बाईंचे केस फार गुंतलेत. न्हावी आलाच आहे, काढून टाकू ना?"

काय म्हणायचं ते मला पाठ होतं. दोन बोटं वर केली असती तरी चाललं असतं. तो डॉक्टर ऐकणारा होता, त्याने दोन काय, चार दिवस दिले असते. पण मग उशाशी बसणार कोण? मीच. परक्या बाईच्या केसांना हात कसा लावायचा, हा विचार मनात आला असं मी पुढे लोकांना सांगत असे. ते खरं नाही. मी दमलो होतो. माझे पाय सुजले होते आणि मला घरी जाऊन पडायचं होतं.

"काढा," मी म्हणालो.

न्हाव्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. झाडणाऱ्याने ते सगळं कापसाच्या वापरलेल्या बोळ्यांच्या टोपलीत टाकून मागच्या खड्ड्यात जाळलं. मी तेव्हा टेबलाशी बसून क्विनाइनच्या पुड्या बांधत होतो.

आठवड्याने ताप उतरला. सकाळी मी पेज घेऊन गेलो तर ती जागी होती. हात हळूहळू वर गेला, डोक्यावरून फिरला, मानेपर्यंत आला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पुडी बांधलीत?"

मी पेजेची वाटी ठेवली आणि तिच्याखालची चादर नीट करू लागलो. जाळले, एवढा एक शब्द होता. तो मला बोलता आला नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "असू दे, कंपौंडर. उन्हाळ्याचं बरं वाटतं."

चार दिवसांनी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला. आता काम झेपणार नाही, परत येणार नाही, असं त्याने सांगितलं. मी तिला आधार देऊन पायऱ्या उतरवल्या. "चला," ती म्हणाली, आणि पदर कपाळाखाली ओढून गाडीत बसली. भाऊ बैल जुंपत होता. तेवढ्यात मला तिची फणी आठवली. स्वतःचे केसही ती त्याच फणीने विंचरायची, अगदी पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. दोन-चार केस तरी दातांत अडकले असतील. मी धावत आत गेलो, चौकोनी कागद कापला, वर तिचं नाव लिहिलं, आयाबाई नाही, हजेरीपुस्तकातलं खरं नाव. मग पातेल्याच्या मागून फणी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

एकेक दात लख्ख होता. तिने ती सुयांबरोबर उकळून ठेवली होती.