मोगलाईतला चहा

‘मोगलाई’ हा शब्द मला पैनगंगा पाहण्याच्या कितीतरी आधी ठाऊक झाला. मळ्यात शेळ्या शिरल्या, कुणी न विचारता गाजरं उपटली, किंवा मी हात न धुता ताटावर बसले की माय म्हणायची, मोगलाई लागली काय? त्यामुळे हात न धुता जेवता येतं असा तो मुलूख, अशी माझी पक्की समजूत होती आणि मला तिथे जायचं होतं. पुढे कळलं की ते निजामाचं राज्य. वाशीमहून सकाळी निघालेली बैलगाडी दुपारी नदीवर पोचते, नदी ओलांडली की मोगलाई, आणि अलीकडे आपण राहतो तो इंग्रजी मुलूख. इतक्या जवळ दुसरं राज्य आहे आणि घरातलं कुणी साधं बघायलाही गेलं नाही, याचा मला रागच यायचा.

तिथली सगळी माहिती आम्हाला आत्याबाई पुरवायची. ती बाबांची थोरली बहीण, कारंज्याला दिलेली, म्हणजे नदीपासून आमच्याहूनही लांब. पैनगंगा तिने जन्मात पाहिली नव्हती, पण मोगलाईतली माणसं काय खातात, कशी झोपतात, बायकोला कशी वागवतात हे तिला तोंडपाठ. ती माणसं भाकरीबरोबर मूठभर मिरच्या खातात आणि तिखट कमी पडलं तर उठून जातात. दिवसभर बाजेवर पडून असतात. आणि सून एकदा घरात आली की तिला माहेरी धाडतच नाहीत. हे शेवटचं ती हळू आवाजात सांगायची, म्हणून ते मला सगळ्यात खरं वाटायचं.

दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं, त्या सुमाराची गोष्ट. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, तिला नदीपलीकडचं स्थळ आलं. माणसं आमच्यासारखीच, मळेकरी. बाबांना जमीन पसंत पडली, मुलगा त्याहून पसंत पडला. मायला आत्याबाईचं ते हळू आवाजातलं बोलणं आठवलं. अक्काने मात्र मेथीच्या जुड्या बांधता बांधता एकच विचारलं, “तिकडून वापस येता येते काय?” मायने तिच्या हातातली जुडी घेतली आणि स्वतःच बांधायला लागली.

पाहुणे मुलगी पाहायला आले, तेव्हा स्वयंपाकाचा ताबा आत्याबाईने घेतला. आमचा मळा मिरचीचा असला तरी बाबांचं पोट नाजूक, म्हणून घरचं जेवण अगदी मिळमिळीत. त्या दिवशी आत्याबाईने वरणातसुद्धा ठेचा घातला. पाहुणे जेवायला बसले. पहिल्या घासाला नवऱ्या मुलाच्या वडिलांचे कान लाल झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी. पण एकानेही ताटात काही टाकलं नाही. वर मुलाच्या काकांनी ठेचा मागून घेतला. पाण्याच्या घागरी रित्या होत होत्या आणि आत्याबाई दाराआडून मायकडे बघत होती, मी सांगत नव्हते का, अशा नजरेने. माझीही खात्री पटली. डोळ्यांनी पाहिल्यावर शंका कशाला घ्यायची.

लग्न झालं, अक्का गेली. घरात तिची जागा माझ्या अंथरुणाशेजारी होती, ती रिकामी बघून मला रडू यायचं. दिवाळी जवळ आली तशी आत्याबाई दर भेटीत म्हणायला लागली की पोरीला धाडतील ही आशा ठेवू नका. पहिल्या दिवाळीला लेक माहेरी आली नाही, तर माय चार बायकांत तोंड कसं दाखवणार? शेवटी तिला आणायला मुराळी म्हणून बाबा स्वतः निघाले. मी गाडीत जाऊन बसले आणि उतरायलाच तयार होईना. बाबांनी दोनदा डोळे वटारले आणि मग बैल जुंपले.

नदीत गुडघाभर पाणी होतं. पलीकडे नाक्यावरच्या शिपायाने आमच्या टोपलीतले अनारसे बघितले, हसला, आणि जा म्हणाला. मी डोळे फाडून बघत होते. माती काळीच. कावळे तसेच. तुरीला तशीच पिवळी फुलं. एक बाई विहिरीवर पोराला बदडत होती, ते तर हुबेहूब आमच्यासारखं. एवढा मोठा निजाम, त्याला साधं गवत वेगळ्या रंगाचं उगवायला लावता येऊ नये? मी फार खट्टू झाले.

अक्काच्या घरी मात्र वेगळं निघालं. पाय धुऊन बसतो न बसतो तोच आमच्यापुढे चहा आला. पितळी पेला काठोकाठ, गूळ इतका की ओठ चिकटावेत. बाबांनी आयुष्यात चहा प्यायला नव्हता. आमच्याकडे चहा वाशीमच्या वकिलांच्या आणि मास्तरांच्या घरी पीत. बाबांनी पेला उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, “चांगला झाला.” त्यावर दुसरा पेला आला. जेवणाआधी तिसरा. बाबा प्रत्येक पेला तळापर्यंत पीत होते आणि तेच दोन शब्द म्हणत होते. त्यांच्या पोटाचं काय होत असेल ते मला दिसत होतं.

विहीणबाई व्याह्यांशी समोरासमोर बोलत नसत. अक्काची सासू स्वयंपाकघराच्या दाराआड बसली, मला जवळ घेतलं आणि जे विचारायचं ते माझ्यामार्फत विचारायला लागली. तुझ्या बाबांना विचार, तिकडं इंग्रजी मुलखात म्हणं बायका चपला घालून चूल पेटवतात? तुमच्यात म्हणं दळण कुणी दळतच नाही, सगळं गिरणीवर? माझी अशी करमणूक कधी झाली नव्हती. तिच्याही गावात कुणीतरी एक आत्याबाई असणार, हे मला तेव्हाच कळलं. मी निम्मे प्रश्न बाबांपर्यंत न्यायच्या आधीच उत्तरं देऊन टाकत होते.

मग ती थांबली. हात माझ्या डोक्यावर तसाच ठेवून म्हणाली, “तुझ्या बाबांना विचार. इंग्रजी मुलखात पोरी माहेरी गेल्या की कचेरीत जाऊन सोडचिठ्ठी घेतात म्हणं. आमची सून धाडली अन् परत आलीच नाही, तर मी काय करू?”

अक्का चुलीशी पाठमोरी होती, तिचा हात भाकरीवर थांबला. म्हणजे अक्काला धाडायची सासूबाईंना तीच भीती वाटत होती, जी आमच्या मायला नदीच्या अलीकडे वाटत होती. हे एवढं नीट त्या वेळी मला कळलं असेल असं नाही. मला फक्त राग आला, की आमच्याबद्दल कुणी काहीही कसं सांगतं. मी म्हटलं, “आमच्यात कचेरीत कोणी जात नाई. अन् चहाही कोणी पेत नाई. बाबा तुमच्यासाठी पेऊन राह्यले.”

बाबांनी मान खाली घातली. सासूबाई अक्काकडे बघायला लागल्या. “मग तू कशी पितेस गं रोज सकाळी?”

“तुम्ही हिंगोलीहून चहाचा पुडा मागवला होता,” अक्का म्हणाली, “माझ्यासाठी.”

त्यांच्या घरातही आधी कुणी चहा पीत नव्हतं. इंग्रजी मुलखातली सून चहावाचून कशी राहील, म्हणून त्या बाईने मुद्दाम शिकून घेतला होता. सासरे ओसरीवर बसले होते, ते एकदम हसायला लागले. ते म्हणाले की तुमच्या ठेच्याने माझं पोट आठवडाभर ठिकाणावर नव्हतं, आमच्याकडे तिखट कोण खातं? मग बाबा हसले, अक्का हसली, आणि सासूबाई पदर तोंडाला लावून व्याह्यांसमोरच हसल्या. दुसऱ्या सकाळी अक्काची वळकटी आमच्या गाडीत होती. निघताना सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

घरी मायने तिला पोटाशी धरलं ते सोडेचना. आत्याबाई दिवाळीला आली होती. तिला आम्ही सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमच्यासमोर तसं बोलले असतील. तिला पटवणं देवालाही जमलं नसतं.

अक्का माझ्या शेजारी झोपली, मी तिचा पदर बोटाला गुंडाळून झोपले. सगळं पहिल्यासारखं झालं असं मला वाटलं. पण सकाळी ती कपाळ धरून बसली. डोकं ठणकत होतं. मायने सुंठ उगाळली, लेप लावला, काही उपयोग होईना. शेवटी अक्का ओशाळून म्हणाली, “चहाची वेळ झाली न माय. आमच्याकडं या वेळेले सासूबाई करून देतात.”

‘आमच्याकडं’ म्हणाली ती. माय तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने बाबांना बाजारात पिटाळलं आणि पुडी आणायला लावली. आमच्या चुलीवर पहिल्यांदा चहा उकळला. मायला तो करता येत नव्हता. तिने पुडी निम्मी रिकामी केली, काढ्यासारखा आटवला आणि दूध घातलं ते नावाला. अक्कासमोर पेला ठेवून ती उत्सुकतेने बघत बसली.

अक्काने पहिला घोट घेतला, क्षणभर थांबली, आणि मग तळापर्यंत सगळा प्यायली. पेला खाली ठेवून म्हणाली, “चांगला झाला.”

माय खूश झाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून मोटेकडे गेले.